नांदखेडीचं कोर्ट आणि चारची गाडी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. रूपराव उमाटे ती पायरी रोज चढत, आणि तीही पगार घेऊन. म्हणजे शहाणपणाचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटलेलाच होता. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते सरकारी वकील होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथले जुने वकील अजून हयात आहेत आणि म्हाताऱ्या वकिलांना रिकामा वेळ फार. फौजदारी कोर्टाच्या व्हरांड्याच्या टोकाला रूपरावांची खोली. पूर्वी तिच्या दारावर 'पोलीस प्रॉसिक्यूटर' अशी पाटी होती. चौऱ्याहत्तर साली कायदा बदलला, ती पाटी उतरली आणि 'सहायक सरकारी वकील' अशी नवी चढली. खुर्ची तीच राहिली, टेबल तेच राहिलं आणि टेबलाच्या लुळ्या पायाखालची विटेची चीपही तीच राहिली.

रूपराव केळझरजवळच्या शेतकरी घरातले. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. ते कोर्टात हळू बोलले तरी बाहेर चहाच्या टपरीवर ऐकू जाई, आणि टपरीवाला त्यावरून खटल्याचा निकाल आधीच सांगून मोकळा होई. माणूस खाण्याचा शौकीन आणि मनानं सरळ. सरकारतर्फे आरोपीवर तोंडसुख घेऊन झालं की व्हरांड्यात त्यालाच थांबवून विचारणार, "जेवला का बे सकाळपासून?" आरोपी बिचारा चक्रावून जायचा.

त्यांना हवी होती एकच गोष्ट: वर्ध्याला बदली. आई, मनकर्णाबाई, केळझरजवळच्या घरी एकटी होती, आणि वर्ध्याहून संध्याकाळी तिच्या हातचं खाऊन येता आलं असतं. पण बदली मागायची तर कामगिरी दाखवावी लागते, आणि सरकारी वकिलाची कामगिरी म्हणजे किती खटल्यांत शिक्षा झाली. याबाबतीत रूपरावांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. अर्थात त्यातलं अर्धं श्रेय पोळ्याचं आणि उरलेलं एसटीचं.

ते कसं, ते सांगतो. पोळ्याला बैल सजवायचे, मिरवायचे, त्यांना पुरणपोळी चारायची. इथवर सगळं पवित्र. बैल गोठ्यात गेले की गावागावांत वडाखाली पत्ते निघायचे. पोळ्याच्या दिवशी तीन पत्ती खेळणं हा गुन्हा आहे, हे फक्त कायद्याच्या पुस्तकाला माहीत होतं. तालुका त्याला सण समजे. मग पोलिसांची धाड पडायची. जे खरे खेळणारे, त्यांना गावातली बोळ न् बोळ पाठ, ते पसार. सापडायचे कोण? तर खांद्यावरून डोकावून पाहणारे, तंबाखू मागायला आलेले, आणि एका वर्षी तर वडाखाली झोपलेला एक म्हातारा. सुक्याबरोबर ओलंही जळायचं.

तारखेला ही सगळी मंडळी सकाळच्या एसटीनं यायची. परतीची गाडी चारची. ती चुकली की मुक्काम नाहीतर पायपीट. आरोप नाकारावा तर पुढची तारीख, पुन्हा गाडी, पुन्हा ऐन निंदणात बुडालेला दिवस. त्यामुळे लोकांनी आपला एक सरळ रस्ता काढला होता. न्यायाधीशसाहेबांनी "गुन्हा" एवढं म्हटलं की पुढचं 'कबूल आहे का' त्यांच्या तोंडातून निघायच्या आत रांग एका सुरात ओरडे, "कबूल हाये, साहेब!"

"अरे, आरोप काय ते वाचून तर दाखवू द्या," साहेब म्हणायचे.

"वाचू नका जी, गाडी जाईन!"

कोर्टात हशा. रूपरावांचा सगळ्यात मोठा. दंड भरून मंडळी बसस्टँडकडे धूम ठोकायची, आणि मागून कोर्टड्यूटीचा हवालदार मोतीलाल ओरडायचा, "अरे, अंगूठा तो लगाओ, फिर भागो!" मोतीलालचा आजा उत्तरेकडून आला होता, तीन पिढ्या झाल्या तरी घरात हिंदीच होती आणि मराठी फक्त आरोपींना दम द्यायला वापरली जाई.

असं हसतखेळत चाललं होतं. मग अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नांदखेडीच्या देवकाबाई रूपरावांच्या खोलीत आल्या.

लुगड्याचा पदर डोक्यावर, हातात चपला. आत आल्या आणि उभ्याच राहिल्या. रूपरावांनी आधी पाणी दिलं, मग काम विचारलं.

"साहेब, माहा मोठा पोरगा तानबा," त्या म्हणाल्या. "टॅक्टर चालवते. सरकारात डायवरच्या नोकरीत त्याचं नाव लागलं होतं. पोलिसाची चौकशी आली अन् नोकरी गेली. म्हणे, शिक्षा झालेला माणूस हाये."

"काय केलं होतं?"

"पोळ्याले वडाखाली उभा होता."

देवकाबाई भांडायला आल्या नव्हत्या, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. त्यांना खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं होतं.

"पत्त्यातला गुलाम कोणता अन् राजा कोणता, हे बी माह्या पोराले समजत नाई, साहेब. मंग त्यानं कबूल काऊन केलं?"

"त्यालाच विचारा ना, माय."

"इचारलं. तो म्हणते, गाडी जाऊन राह्यली होती." देवकाबाईंनी चपला दुसऱ्या हातात घेतल्या. "अन् गाडी बी नाई भेटली त्याले."

रूपरावांना आठवलं. त्या दिवशी साहेबांचं डोकं दुखत होतं. पाचसहा जणांना दंडावर भागवून त्यांनी उरलेल्यांना वर 'कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची' शिक्षाही ठोकली होती. ही शिक्षा म्हणजे कैद म्हटली तर कैद, नाहीतर नुसतंच बाकावर बसणं. कोर्ट साडेपाचला उठलं. गाडीसाठी कबुली देणारा तानबा पायी नांदखेडीला गेला होता. तेव्हा हे रूपरावांनी घरी गंमत म्हणून सांगितलं होतं आणि दोन घास जास्त खाल्ले होते.

"आता काही करता येत नाही, माय," ते म्हणाले. "त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. शिक्षा भोगून झाली. ते पुसता येत नाही."

"बरं," देवकाबाई म्हणाल्या. दाराशी जाऊन त्यांनी चपला घातल्या आणि वळल्या. "लहान्यासाठी इचारून ठेवलं, साहेब. आमचा श्रावण मास्तरकीचं शिकला. त्याची बी चौकशी येईन एक दिवस."

त्या गेल्या. रूपरावांनी त्या दिवशी डबा अर्धा परत नेला. कौशल्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कपाळाला हात लावून ताप पाहिला.

पण खरा फटका त्यांना बसला तो घरीच. चार दिवसांनी कौशल्याबाईंनी कोथिंबीर भरलेल्या सांभारवड्या केल्या होत्या. कोर्टातून आल्यावर वड्यांचा डबा उघडला तर रिकामा. रूपरावांनी पोराला हाक मारली आणि कोर्टातल्या आवाजात विचारलं, "वड्या कोणी खाल्ल्या?"

"मी खाल्ल्या," पोरगा म्हणाला आणि बॅट उचलून पळाला.

"तो कायले खाईन?" आतून कौशल्याबाई म्हणाल्या. "शेजारच्या शोभाबाईकडे पाहुणे आले, त्यायले दिल्या मी."

रूपरावांनी पोराला गल्लीतून पकडून आणलं. "खाल्ल्या नाहीत तर कबूल काऊन केलं बे?"

"नाई म्हटलं असतं तर तुमी किती वेळ इचारत बसले असते," पोरगा म्हणाला. "तिकडं माही बॅटिंग होती."

कौशल्याबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "घ्या! घरातही तुमचं शंभर टक्के." मग हसू आवरून म्हणाल्या, "तुमच्या कोर्टात 'खाल्ल्या का?' असं कोणी इचारतच नाई का हो? नुसतं 'कबूल का?' एवढंच?"

रूपराव ओसरीवर बसून राहिले. इतकी वर्षं आपण खटले जिंकत नव्हतो, नुसते एसटीचं वेळापत्रक वापरत होतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्याच सुमारास वर्ध्याहून एक परिपत्रक आलं. सरकारी वकिलांनी युवक मंडळांत जाऊन तरुणांना कायद्याची माहिती द्यावी, वगैरे. असली परिपत्रकं येत आणि टेबलाच्या पायाखाली जात. विटेची चीप त्यामुळेच तर टिकली होती. हे मात्र रूपरावांनी खिशात ठेवलं. पावसाळ्यानंतर बघू म्हणाले.

पण पावसाळ्यात पोळा आला, नांदखेडीत धाड पडली, पोळ्याला कोर्टड्यूटीचे हवालदारही धाडीला जुंपले जात, आणि मोतीलालनं आणलेल्या आरोपींत एक नाव होतं श्रावण. देवकाबाईंचा धाकटा. शिक्षक म्हणून त्याची निवड झाली होती. ऑर्डर दिवाळीनंतर निघायची होती. खटल्याची तारीख गणपती उठल्यावर. रांगेत उभा राहून या पोरानं भावासारखंच 'कबूल हाये' म्हटलं, की मास्तरकी संपली.

"मोतीलाल, हा पोरगा खेळत होता का?" रूपरावांनी विचारलं.

"साहब, धाड में जो मिला सो मिला. पूछने बैठता तो सब भाग जाते."

यात मोतीलालचं फार चुकलं असंही नाही. त्याला कोणी विचारायला शिकवलंच नव्हतं. रूपराव विचारात पडले. खटला मागे घ्यायचा तर वर्ध्याची परवानगी, आणि ती येईपर्यंत श्रावणला नातवंडं झाली असती. पोराला बोलावून 'कबूल करू नको' सांगावं, तर सरकारी वकिलानं आरोपीच्या कानाशी लागणं म्हणजे पंचानं एका बाजूच्या पैलवानाला डाव शिकवणं. ते रूपरावांना मेले तरी जमलं नसतं. मग त्यांना खिशातलं परिपत्रक आठवलं. ते घेऊन ते न्यायाधीशसाहेबांकडे गेले.

"नांदखेडीच्या गणपतीत पोरांना कोर्टाचं कामकाज समजावून सांगतो म्हणतो."

"भाषण करणार?" साहेबांच्या चेहऱ्यावर नांदखेडीबद्दल सहानुभूती दिसली.

"नाही साहेब, नाटक करतो. मी आरोपी."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "चालू खटल्याबद्दल तिथं अक्षर काढायचं नाही, उमाटे."

"एकही नाही, साहेब," रूपराव म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला.

नांदखेडीला मारुतीच्या देवळापुढे मंडप होता. ऐन आरतीच्या वेळी रूपराव पोचले, सोबत मोतीलाल. त्याला कायद्याचं नव्हे, प्रसादाचं आकर्षण. आरती झाली. सरकारी वकील आले म्हणजे भाषण होणार या धास्तीनं मागची पोरं हळूहळू चपला शोधू लागली. तेवढ्यात रूपराव छत्री, पिशवी आणि पोट सावरत पुढे आले.

"गणपतीपुढचा एक मोदक चोरीला गेला आहे," त्यांनी जाहीर केलं. "आणि माझ्यावर संशय आहे."

पोटाकडे पाहून मंडप खदखदून हसला. चपला शोधणारे परत बसले.

"आता कोर्ट भरवा. पुकारा मोतीलाल करेल. सरकारी वकील..." त्यांनी सहज बोट दाखवल्यासारखं केलं, "तू रे, मास्तरसारखा दिसतो, तू." श्रावण उठला. "आणि न्यायाधीश म्हणून असा माणूस पाहिजे की ज्यानं कोर्ट आतून पाहिलं आहे."

सगळ्यांनी तानबाकडे पाहिलं. तो एका खांबाला टेकून उभा होता. मान खाली घातली, पण पोरांनी उचलून त्याला ज्वारीच्या पोत्यावर बसवलंच. कोणीतरी त्याच्या खांद्यावर काळी घोंगडी टाकली. मोतीलालनं छाती फुगवून पुकारा केला, "रूपराव उमाटे हाजिर है?" हे वाक्य म्हणायची त्याची हौस कित्येक वर्षांची होती, कोर्टात ते काम शिपायाचं.

तानबानं घसा साफ केला. "रूपराव उमाटे, मोदक चोरल्याचा गुन्हा कबूल हाये का?"

रूपरावांनी तोंड उघडायच्या आत अख्खा मंडप ओरडला, "कबूल हाये, साहेब!"

बायकांच्या बाजूनं हशा फुटला, पोरं लोळायला लागली. रूपराव छत्री टेकवून उभे. "मोदक मी खाल्ला नाही अन् कबूल तुम्ही करून राह्यले?"

"करून टाका जी," पुढे बसलेले म्हातारे नत्थूजी म्हणाले. "चारची गाडी जाईन."

"जाऊ द्या," रूपराव म्हणाले. मग तानबाकडे पाहून त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला. "गुन्हा कबूल नाही, साहेब."

तानबा गोंधळून इकडेतिकडे पाहू लागला.

"मंग आता काय?" त्यानं विचारलं.

तो नाटकात विचारत नव्हता. त्यानं कोर्ट पाहिलं होतं, पण 'कबूल नाही' म्हटल्यानंतरचं कोर्ट त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. ते नांदखेडीत कोणीच पाहिलं नव्हतं.

"आता माझं काम संपलं," रूपराव म्हणाले. "मी उभा राहतो. मोदक मीच खाल्ला, हे सिद्ध करायचं काम या सरकारी वकिलाचं."

श्रावणनं नत्थूजींना साक्षीदार केलं. नत्थूजींनी गणपतीची शपथ घेऊन ठोकून दिलं की आपण साहेबांना मोदक खाताना उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"कोणत्या हातानं खाल्ला, बाप्पा?" रूपरावांनी नम्रपणे विचारलं.

"उजव्या."

"आणि त्या हातात तुम्हाला आणखी काय दिसलं?"

नत्थूजींनी पाहिलं. रूपरावांच्या उजव्या हातात आल्यापासून छत्री होती. "मंग डाव्या," नत्थूजी म्हणाले. डाव्या हातात कौशल्याबाईंनी दिलेली डब्याची पिशवी होती. नत्थूजींनी जरा विचार केला. "मंग मी पाह्यलंच नसन," ते म्हणाले आणि जाऊन बसले.

शेवटी मोदक करणाऱ्या देवकाबाईंना बोलावलं. "ताटात किती मोदक होते?"

"जेवढे ठेवले तेवढेच हायेत अजून," देवकाबाई म्हणाल्या. "कोणी मोजून पाह्यले का? चोरी झालीच नाई, बाप्पा!"

मंडप हसून हसून लोळला. तानबानं रूपरावांना सोडलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, प्रसाद वाटला. घोंगडी परत देताना तानबा रूपरावांच्या जवळ आला.

"एवढंच होतं का, साहेब?" तो हळूच म्हणाला. "नाई म्हणाचं अन् उभं राहाचं? एवढंच?"

रूपरावांच्या हातात मोदक होता. तो त्यांनी तसाच पिशवीत टाकला.

तारखेचा दिवस उजाडला. नांदखेडीची रांग नेहमीसारखी उभी. रूपराव आपल्या जागी. साहेबांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

कोणी ओरडलं नाही. साहेबांनी मान वर करून पाहिलं.

पहिल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "आमचं कबूल हाये, साहेब. आमी खेळत होतो," एक म्हणाला. "पण या मागच्यायचं काई नाई."

मग श्रावणची पाळी. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मागच्यानं कोपरानं ढोसलं, "बोल ना बे लवकर." दाराबाहेर पायरीवर देवकाबाई बसल्या होत्या. रूपराव मुद्दाम कागदांत पाहत राहिले. वर पाहिलं तर आपल्या तोंडावरूनच पोरगं उत्तर वाचेल अशी त्यांना भीती.

"कबूल नाई, साहेब," श्रावण म्हणाला.

त्याच्या मागच्यानं तेच म्हटलं. त्याच्याही मागच्यानं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "उमाटे, नांदखेडीला जाऊन काय पेरून आलात?"

"मोदक, साहेब," रूपराव म्हणाले.

पुढच्या तारखेला मोतीलाल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी वकील या नात्यानं रूपरावांनी त्याला विचारायचं ते सगळं विचारलं, काही राखून ठेवलं नाही. मग श्रावणला वकील नव्हता म्हणून साहेब त्यालाच म्हणाले, "तुला काही विचारायचंय?"

"हवालदारसाहेब, तुमी मले पकडलं तवा माह्या हातात काय होतं?"

मोतीलालनं रूपरावांकडे पाहिलं. रूपराव छताकडे पाहत होते. मोतीलालनं टोपी सारखी केली. बाकी काही असलं तरी शपथ घेऊन खोटं बोलायचं त्याच्या जिवावर येई.

"लकडी का बैल था, साहब."

धाडीच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात तो. भाच्यासाठी सुताराकडून नवा बैल घेऊन श्रावण वडाजवळून घरी चालला होता.

"एका हातात धरला होता का दोन्ही हातांत?"

"दोनों में. भारी था. चौकी पे मैंने खुद उतरवाया."

"मंग पत्ते कोणत्या हातात होते?"

कोर्टात एकच हशा उसळला. साहेबांनी मेजावर हात आपटला, पण त्यांचेही ओठ हलत होते. "सरकारी वकील, फेरतपासणी?"

"काही विचारायचं नाही, साहेब," रूपराव म्हणाले. इतका ऐसपैस आवाज असलेला माणूस, पण हे वाक्य टपरीपर्यंत गेलं नाही.

श्रावण सुटला, मागचेही सुटले. चारची गाडी तर कधीच गेली होती. देवकाबाई आणि पोरं गप्पा मारत पायी निघाली. रूपरावांनी व्हरांड्यातून पाहिलं. नांदखेडीकडे इतक्या आनंदात चालत जाणारी माणसं त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. घरी आल्यावर ते कौशल्याबाईंना म्हणाले, "आज हरलो." त्या म्हणाल्या, "मंग आज वड्या करते."

दिवाळीनंतर श्रावणची ऑर्डर निघाली, कारंजा घाडग्याकडच्या एका शाळेत. रूपरावांची टक्केवारी मात्र कोसळली. नांदखेडीचं वारं आसपासच्या गावांना लागलं, समुद्रपूरकडची युवक मंडळं "आमच्याकडं बी मोदकाचं कोर्ट आणा" म्हणून मागे लागली, आणि रांगेतलं ते एकसुरी 'कबूल हाये' तालुक्यातून जवळजवळ नाहीसं झालं. जे खेळले ते कबूल म्हणत, जे खेळले नाहीत ते उभे राहत. मोतीलाल धाडीच्या जागी विचारू लागला, "तू खेल रहा था क्या बे?" आणि आश्चर्य म्हणजे बरेच जण खरं सांगत. वर्ध्याहून विचारणा झाली की शिक्षेचं प्रमाण का घटलं. रूपरावांनी कळवलं की प्रमाण घटलेलं नाही, आता कुठे बरोबर झालं आहे. हे उत्तर कोणाला आवडलं नाही. बदलीचा अर्ज तसाच पडून राहिला आणि मनकर्णाबाईच लेकाकडे राहायला आल्या. येताना लोणच्याची बरणी घेऊन आल्या, त्यामुळे रूपरावांची तक्रार उरली नाही.

नांदखेडीत दर गणपतीला कोर्ट भरत राहिलं. न्यायाधीश कायमचा तानबा, आरोपी कायमचे रूपराव. कधी मोदक, कधी हरवलेली शेळी, एकदा तर पाऊस चोरल्याचा आरोप. तानबा अजून लोकांचे ट्रॅक्टरच चालवत होता. सरकारी नोकरीचं वय निघून गेलं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, आणि त्यामुळेच रूपरावांना तो दिसला की घास जरा अडकायचा.

चौऱ्याऐंशी साली, मागणं सोडून दिल्यावर, वर्ध्याची बदली आली. गणपतीतच निघायचं होतं. शेवटचं कोर्ट म्हणून नांदखेडीनं ते दुपारीच भरवलं, म्हणजे साहेबांना फाट्यावरची परतीची गाडी मिळावी; तीही चारचीच. श्रावण मास्तर रजा काढून आला. मोतीलाल निवृत्त झाला होता, तरी पुकाऱ्यासाठी हजर. तानबा पोत्यावर बसला.

"आज आरोप काय?" रूपरावांनी हसत विचारलं. दर वर्षी तो आधी ठरलेला असायचा. या वर्षी त्यांना कोणी सांगितला नव्हता.

तानबा हसला नाही. "आरोप असा का," तो म्हणाला, "तुमी इतके वर्ष कोर्टात उभे राह्यले अन् रांगेतल्या माणसाले 'खेळला का?' असं इचारलं नाई. 'कबूल का?' एवढंच इचारू देल्लं. गुन्हा कबूल हाये का?"

मंडपात खसखस पिकली. आणि सवयीनं सगळे एका सुरात ओरडले, "कबूल नाई, साहेब!"

रूपरावांनी हात वर केला. हळूहळू आवाज बसला. त्यांचा चेहरा पाहून पोरांचंही हसू मावळलं.

"कबूल आहे, साहेब," ते म्हणाले.

नत्थूजी पुढे झुकले. मोतीलालनं टोपी काढली. तानबा पोत्यावर सरसावून बसला. मग न्यायाधीशानं विचारायचं असतं ते त्यानं विचारलं. सहा वर्षांत सगळं पाठ झालं होतं.

"कोणाच्या दबावानं म्हणून राह्यले का?"

"नाही."

"गाडीची घाई हाये म्हणून तर नाई ना?"

"नाही," रूपराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "गाडी गेली तरी चालेल."

"मंग शिक्षा," तानबा म्हणाला. "कोर्ट उठेपर्यंत इथंच बसून राहाची."

रूपराव खाली मांडी घालून बसले. देवकाबाईंनी त्यांच्यापुढे पळसाच्या पानांची पत्रावळ मांडली, मग त्यांच्या शेजारी आणखी एक, आणि तानबा पोत्यावरून उतरून तिच्यावर येऊन बसला. पंगत लांबत गेली. वडाभात आला, वर गरम तेलाची फोडणी पडली. फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला तसे श्रावण मास्तर ताडकन उठला, "साहेब, चारची!"

रूपराव उठायला लागले. तानबानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा जी," तो म्हणाला. "कोर्ट उठलं नाई अजून." आणि त्यानं आईला साहेबांच्या पानावर आणखी भात वाढायला सांगितला.